भाटी का लोळते, बोका का कुंथतो

कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत, वर्षातून कधी ना कधी, एखाद्या घरात हा प्रसंग घडतोच. आठेक महिन्यांची लाडाची भाटी, म्हणजे मांजरी, कालपर्यंत सोफ्यावर पाय ताणून झोपत होती. आज संध्याकाळपासून तिचं काहीतरी बिनसलंय. फरशीवर लोळते, पुढचे पाय दुमडून छाती जमिनीला टेकवते, मागचा भाग उंच धरून सरपटते. शेपूट एका बाजूला वळलेली. मधूनच असा काही आवाज काढते, की शेजारचे गॅलरीत येऊन विचारतात, "काय झालंय वो मांजराला?"

घरात तोवर तीन निदानं तयार असतात. आजीच्या मते दृष्ट लागली, म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून झालेल्या असतात. नातवाच्या मते ती माडीवरून पडली आणि कंबर मोडली. काकूंना वाटतं, उंदराचं औषध पोटात गेलं. शेवटी रात्री अकराला जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो. डॉक्टर दोनच गोष्टी विचारतात: वय किती, आणि ऑपरेशन केलंय का? उत्तरं ऐकून ते सांगतात, "काही झालं नाही तिला. माजावर आलीय."

गाईम्हशींचा माज कोल्हापूरकराला सांगावा लागत नाही. मांजराचा माज मात्र शहरातल्या घरांना ओळखू येत नाही. पूर्वी भाटी रात्री कौलांवरून निघून जायची, सकाळी परत यायची, पुढं दोन महिन्यांनी पोटमाळ्यावर पिल्लं सापडायची. मधलं नाटक कुणी पाहिलेलंच नसायचं. आता मांजर फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या गॅलरीच्या आत राहतं, आणि सगळा प्रयोग दिवाणखान्यात होतो.

या प्रसंगातली अडचण अशी, की लोळणं, किंचाळणं, मागचा भाग विचित्र धरणं यांपैकी कुठलीही एक हालचाल घेऊन तिचा अर्थ लावता येत नाही. तीच हालचाल वेगवेगळ्या कारणांनी होते. त्यांतली दोन अगदी निरुपद्रवी असतात, आणि एकात तासांचा हिशेब असतो. म्हणून हालचालीपेक्षा तिच्या आजूबाजूला बघायचं: ती कशानंतर सुरू झाली, हाक मारल्यावर किंवा ताटलीचा आवाज केल्यावर थांबते का, आणि थांबल्यावर मांजर पूर्वीसारखं वागतं का.

उजेड मोजणारं शरीर

भाटीचा माज उजेडावर चालतो. डोळ्याच्या पडद्यावर दिवसभरात किती वेळ उजेड पडला, याची खबर मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीपर्यंत जाते. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप, सोडते. रात्र मोठी तर मेलाटोनिन जास्त, आणि ते जास्त असलं की बीजांडकोशांना मिळणारे हुकूम मंदावतात. दिवस मोठा झाला की उलट होतं. बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवू लागतात, आणि भाटी लोळायला लागते.

लंडनमध्ये हिवाळ्यातला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. तिथल्या भाट्या हिवाळ्याचे काही महिने शांत राहतात. कोल्हापूर उत्तर अक्षांश १६.७ अंशांच्या आसपास आहे. इथं सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या वर असतो, आणि सर्वांत मोठा तेरा तासांच्या थोडा पुढं. त्यात घरातली ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू. आपल्याकडच्या घरातल्या भाटीला खरा हिवाळा असा लागतच नाही, त्यामुळं ती वर्षाच्या जवळजवळ कुठल्याही महिन्यात माजावर येऊ शकते. पहिला माज साधारण सहा महिन्यांच्या सुमारास येतो, क्वचित चौथ्या महिन्यातही. 'अजून पिल्लूच आहे की' म्हणेपर्यंत ते पिल्लू आई व्हायला तयार असतं.

आता ते सरपटणं. इस्ट्रोजेन मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागाला असं तयार करून ठेवतं, की शेपटीच्या मुळाशी किंवा कुशीला हात लागला की ठरावीक प्रतिक्रिया उमटावी: पाठ खाली दबते, मागचा भाग वर येतो, शेपूट बाजूला होते आणि मागचे पाय जागच्या जागी पावलं टाकू लागतात. भाटी हे ठरवून करत नाही. किंचाळणं हा त्याचाच दुसरा भाग. बोका दोन-तीन गल्ल्या पलीकडं असेल, तर त्याच्यापर्यंत आवाज पोचायला हवा. कुत्रीसारखा रक्तस्राव भाटीला होत नाही, म्हणून घरच्यांना ओळखीची एकही खूण दिसत नाही.

आणि हे एकदा होऊन संपत नाही. गाय-म्हैस माजावर आली की बीज आपोआप सुटतं. भाटीचं बीज बहुधा संबंध आल्याशिवाय सुटतच नाही. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. त्यांचा स्पर्श मज्जारज्जूतून मेंदूकडं जातो आणि मग बीज सोडण्याचा हुकूम निघतो. बोका मिळाला नाही तर बीजं जिरून जातात, आठवडाभरात आवाज बंद होतो, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यापासून. बोके एकाहून अधिक आले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात. एक पिल्लू काळं, एक पिवळं आणि एक पट्ट्यापट्ट्यांचं निघालं की घरात जे आश्चर्य होतं, त्यामागं कधीकधी हेही असतं.

उपाय नसबंदीचा. माज थांबवणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं मिळतात, स्वस्तही पडतात, आणि म्हणून लोक ती वारंवार देतात. ही संप्रेरकं पुन्हापुन्हा दिली तर गर्भाशयात पू होण्याचा आणि आचळांच्या गाठींचा धोका वाढतो. तिथं पैसे वाचवणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

खोकलीची मुळी

लोळण्याचं दुसरं निरुपद्रवी कारण पावसाळ्यात अंगणात उगवतं. खोकली नावाचं तण आपल्याकडं सगळीकडं वाढतं: कुंपणाच्या कडेला, कुंडीत, पडक्या भिंतीच्या फटीत. हातभर उंचीचं, हिरव्या टोप्यांसारख्या पानांमध्ये बारीक फुलं लपवणारं. वैद्य ते खोकल्यावर वापरत आले. बागेतलं तण उपटताना खोकलीची मुळी उघडी पडली, की घरातलं शहाणं मांजर तिथं येतं, मुळीवर गाल घासतं, तोंडातून लाळ गाळतं आणि मातीत गडबडा लोळतं. बोकाही लोळतो, नसबंदी झालेली भाटीही लोळते. इथंच माजाचा संशय संपतो.

परदेशात याच कामासाठी कॅटनिप नावाची वनस्पती प्रसिद्ध आहे, आणि तिच्या पुड्या आता आपल्याकडंही ऑनलाइन विकत मिळतात. खोकलीच्या मुळीत त्याच घराण्यातली सुगंधी द्रव्यं आढळली आहेत. हा वास मांजराच्या डोक्यात काय करतो, याचा बऱ्यापैकी उलगडा २०२१ साली जपानमधल्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. अशा वनस्पतीतला एक घटक हुंगल्यावर मांजराच्या शरीरातली वेदनाशामक आणि सुखद अशी स्वतःची द्रव्यं वाढतात. अफूच्या नशेवरचा उतारा आधी टोचला, तर मांजर त्या घटकावर अंग घासेनासं होतं. त्याच संशोधनात दुसरी गंमत निघाली: या द्रव्यानं माखलेल्या मांजराच्या डोक्यावर डास कमी बसतात. म्हणजे मुळात हा अंगाला डासांचं औषध चोळण्याचा उद्योग असावा.

सगळ्याच मांजरांना ही भुरळ पडत नाही, आणि पडली तरी काही मिनिटांत उतरते. मुळी दूर फेकली की मांजर उठून अंग झटकतं आणि चालू लागतं. मुद्दाम खोकली गोळा करून त्याला खायला घालायचं मात्र कारण नाही.

कंबर खरोखर गेली असेल तर

तिसरी शक्यता पहिल्या दोघींसारखी दिसते, म्हणूनच ती धोक्याची. मांजर एकदम किंचाळतं आणि मागचे पाय ओढू लागतं. माजातली भाटी मागचा भाग उचलून धरते. तिच्या पायांत जोर असतो. इथं पाय लुळे पडतात, फरशीवर घसरत येतात. हात लावून बघा: पुढचे पंजे कोमट, मागचे थंडगार. तळव्याची गुलाबी गादी फिकट किंवा निळसर दिसते. मांजर तोंडानं श्वास घेत असतं.

हे बहुतेक वेळा पडल्यामुळं होत नाही. मूळ बिघाड हृदयात असतो. काही मांजरांत हृदयाचा स्नायू हळूहळू जाड होत जातो, बाहेरून काही कळत नाही. आतला एक कप्पा फुगतो, त्यात रक्त रेंगाळतं आणि त्याची गुठळी बनते. गुठळी सुटली की मुख्य धमनीतून खाली जाते, आणि जिथं ती धमनी दोन्ही पायांकडं दुभागते, नेमकी तिथं अडकते. पाय रक्ताविना सुन्न होतात, स्नायू दुखतात. अनेक घरांत मांजराला हृदयविकार होता हे त्याच दिवशी कळतं. यातून सगळी मांजरं वाचत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. पण वेदना थांबवणं तरी डॉक्टरांच्या हातात असतं, आणि त्यासाठी सकाळ व्हायची वाट बघायची नसते.

पाठीवरची लाट

कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस धारेला उभी असते तेव्हा तिच्या पाठीकडं बघा. माशी बसते, आणि तेवढीच कातडी थरथरते; म्हैस जागची हलत नाही. कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो, त्याचं हे काम. मांजरालाही हाच पडदा असतो. पाठीवर हात फिरवला की मानेखालून शेपटीपर्यंत जी लाट धावते, ती त्याचीच. आपल्या धडाला हा पडदा नाही, म्हणून ती लाट बघून आपल्याला उगाच काहीतरी भलतं वाटतं.

तिची वाट मोठी गमतीची आहे. कंबरेजवळची कातडी चिमटीत धरली तर खबर मज्जारज्जूतून वर खांद्यांच्या पातळीपर्यंत जाते, आणि तिथून निघालेली नस परत खाली येऊन कातडी हलवते. म्हणून पाठीला मार लागलेल्या मांजराच्या बाबतीत डॉक्टर कंबरेपासून वर एकेक चिमटा काढत जातात. ज्या जागेखाली लाट उठत नाही, दुखापत साधारण तिथल्याच आसपास असते.

लाट वारंवार उठू लागली, मांजर दचकून मागं वळून पाठ चाटायला लागलं, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. बारीक दातांचा कंगवा फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. कण विरघळून तांबूस डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवा नाहीत, कातडी स्वच्छ आहे, तरी बाहुल्या मोठ्या होतात, मांजर शेपटीवर तुटून पडतं आणि भूत मागं लागल्यासारखं धावत सुटतं, असंही काहींचं होतं. त्याला अतिसंवेदनेचा विकार म्हणतात. पण हे नाव कातडी, मणका आणि मज्जासंस्था तपासून झाल्यावर शेवटी द्यायचं असतं.

पिसवा सापडल्या की खरी चूक पुढं होते. घरात कुत्र्यासाठी आणलेलं, मानेवर टाकायचं औषध असतं. तेच चार थेंब मांजरालाही टाकले जातात. अशा काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते नसांमधले विजेचे दरवाजे उघडेच ठेवतं, त्यामुळं नस पुन्हापुन्हा पेटत राहते. कुत्र्याचं शरीर त्याची लवकर विल्हेवाट लावतं, मांजराला ते जमत नाही. काही तासांत कान फडफडतात, मग सगळं अंग थरथरतं आणि झटके येतात. ही थरथर हाक मारून थांबत नाही, आणि मघाच्या लाटेपेक्षा ती वेगळी ओळखायची ती याच खुणेनं.

मांजराच्या यकृतात काय कमी आहे, ते समजलं तर घरातले अर्धे अपघात टळतील. बरीच औषधं पाण्यात विरघळत नाहीत. यकृत त्यांना साखरेपासून बनलेला एक तुकडा चिकटवतं, मग ती विरघळतात आणि लघवीतून बाहेर जातात. एसटीच्या पार्सलला पावती चिकटल्याशिवाय गठ्ठा गाडीत चढत नाही, तसंच हे. मांजराकडं पावत्या चिकटवणारे हात फार थोडे आहेत. या कामातल्या एका महत्त्वाच्या विकराचा जनुक त्याच्यात निकामी झालेला आहे. निव्वळ मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषं काढून टाकायची वेळच फारशी आली नाही, म्हणून असावं. त्यामुळं आपल्या तापाची साधी पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. औषध रक्तात साचतं, रक्तातला लाल रंग प्राणवायू वाहायचा सोडतो, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. फरशी पुसायचं फिनेलही याच यादीत. मांजर ते पीत नाही, पण ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं.

कोल्हापूरकरांसाठी एक खास सूचना इथंच करून टाकतो. रविवारी पांढऱ्या रश्श्यातला मऊ तुकडा मांजरापुढं टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, आणि दोन्ही मांजराच्या लाल पेशी फोडतात. तुकडा द्यायचाच तर मसाला घालण्याआधी, नुसत्या पाण्यात शिजवलेला काढून ठेवा.

तोंड उघडं का?

मांजर तुमचा घामट मोजा हुंगतं, मान वर करतं, तोंड अर्धवट उघडतं, वरचा ओठ आक्रसतं आणि काही क्षण तसंच थिजून राहतं. चेहऱ्यावर इतका तिटकारा दिसतो, की मोज्याच्या मालकाला अपमान वाटावा. बकऱ्यांच्या कळपात बोकड शेळीचं मूत हुंगून ओठ वळवतो, ते हेच. वरच्या पुढच्या दातांमागं टाळूला दोन बारीक छिद्रं असतात. त्यांतून वास एका वेगळ्या इंद्रियाकडं जातो. १८१३ साली डेन्मार्कचे शल्यवैद्य लुडविग जेकबसन यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. नाकानं 'काय आहे' हे कळतं. या दुसऱ्या इंद्रियानं 'कोण आहे, नर की मादी, माजावर आहे की नाही' हे कळतं.

हे उघडं तोंड काही सेकंदांचं असतं आणि त्यात धाप नसते. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकणारं मांजर ही वेगळी गोष्ट आहे. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीतून आणलं किंवा पिल्लू जिवाच्या आकांतानं खेळलं, तर थोडा वेळ तसं होऊ शकतं. घरात, निवांत असताना मांजर तोंडानं श्वास घेत असेल, तर छातीत पाणी, हृदयाचा त्रास किंवा दम्याचा झटका यांपैकी काहीतरी चालू आहे. गाढ झोपलेल्या मांजराच्या पोटाचे श्वास मिनिटभर मोजून ठेवण्याची सवय चांगली. मिनिटाला तीसपेक्षा कमी भरले तर ठीक. रोज त्याहून जास्त भरू लागले तर डॉक्टरांना सांगायचं.

बोक्याच्या फेऱ्या

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि सर्वांत कमी नाट्यमयही. बोका मातीच्या ट्रेमध्ये जातो, बसतो, कुंथतो, उठतो. पाच मिनिटांनी पुन्हा. मग बाथरूमच्या कोपऱ्यात, मग मोरीत. मधेमधे खालची जागा चाटतो. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झालंय, आणि कुणीतरी एरंडेल पाजायला निघतं.

बहुतेक वेळा अडलेली असते लघवी. बोक्याची मूत्रनळी लांब असते आणि टोकाशी फार अरुंद होते. लघवीतले वाळूसारखे खडे, चिकट स्राव आणि सुजलेली आतली त्वचा यांचं बूच तिथं बसतं. भाटीची नळी आखूड आणि रुंद, म्हणून तिला असं क्वचितच होतं. बूच बसल्यावर मूत्राशय भरत जातं. पोटाखाली लिंबाएवढा, मग संत्र्याएवढा टणक गोळा हाताला लागतो. तो दाबून बघू नये. दाब मागं मूत्रपिंडांपर्यंत जातो आणि ती काम थांबवतात. रक्तातलं पोटॅशियम बाहेर पडायचं बंद होतं, ते वाढत जातं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके मंदावत नेतं. नळी मोकळी झाली नाही तर बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. डॉक्टर भूल देऊन बारीक नळी घालतात. वेळेत नेलेले बोके बहुधा वाचतात.

मुळात मांजर पाणी कमी का पितं? पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशांतलं रानमांजर. त्याला पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळायचं, आणि मूत्रपिंडं लघवी अतिशय घट्ट करून पाणी वाचवायची. तोच प्राणी आज फ्लॅटमध्ये कोरड्या दाण्यांवर राहतो आणि तहान मात्र जुन्याच मापानं लागते. शिजवलेलं, रसाळ खाणं, घरात दोन-तीन ठिकाणी ठेवलेलं पाणी, स्वच्छ ट्रे आणि घरातली शांतता या साध्या गोष्टींनी बराच फरक पडतो. दुधानं पाण्याची भरपाई होत नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध बशीत ओतलं की दुसऱ्या दिवशी ट्रे साफ करताना त्याची किंमत कळते.

चौकट: सकाळची वाट बघू नये असं काही

• बोका पुन्हापुन्हा कुंथतो, पण लघवी होत नाही किंवा थेंबथेंबच होते.
• निवांत असताना तोंड उघडं ठेवून श्वास घेणं.
• मागचे पाय एकाएकी लुळे आणि थंड पडणं.
• हाक मारून न थांबणारी थरथर किंवा झटके.
• भिंतीला डोकं टेकवून तसंच उभं राहणं.
• हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी होणं.
• दोन दिवस काहीही न खाणं. जाड मांजराला उपास विशेष बाधतो. अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृत बंद पडू लागतं.
• बाहेर फिरणारं, लस न दिलेलं मांजर एकदम चवताळलं, आवाज बदलला, लाळ गळू लागली आणि ते कुणाला चावलं किंवा ओरबाडलं, तर रेबीजची शक्यता धरूनच चालायचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. नंतर माणसानं त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करायची. मांजराचं काय होतं ते बघून मग ठरवू, असं म्हणायचं नाही.

घुरघुर म्हणजे खुशाली असं नाही

डॉक्टरांकडं नेताना घरचे हमखास सांगतात, "दुखत नसणार, घुरघुर करतंय की." मांजर खुशीत घुरघुरतं, तसंच पिल्लं देताना, हाड मोडल्यावर आणि शेवटच्या आजारातही घुरघुरतं. हा आवाज सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपनांचा असतो, इतक्या लहान प्राण्याच्या मानानं फारच खर्ज. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०२३ साली मेलेल्या मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती हवा सोडून तो खर्ज काढून दाखवला. स्वरतंतूंत रुतलेल्या गादीसारख्या भागामुळं तो निघत असावा, असं त्यांचं म्हणणं. आवाज कसा निघतो ते थोडंफार कळलं, पण कुठल्या मनःस्थितीत निघाला ते त्यावरून कळत नाही.

दुखणं बघायचं तर चेहरा बघावा. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली त्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पाच जागा बघायच्या: कान बाहेरच्या बाजूला वळून सपाट झालेत का, डोळे मिचमिचे आहेत का, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ पुढं आल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यायचा विचार करावा. अर्थात तो डॉक्टरांनी. घरच्या डब्यातली गोळी कुठली आणि तिनं काय होतं, ते वर आलंच आहे. झोपलेल्या मांजराला गुण देऊ नयेत, झोपेत सगळ्यांचेच डोळे मिटलेले असतात.

दुखणाऱ्या मांजराची आणखी एक सवय म्हणजे नाहीसं होणं. रानात ते शिकारी असलं तरी स्वतः कुणाची तरी शिकारही होतं, आणि लंगडणारा प्राणी आधी उचलला जातो. म्हणून कपाटामागं, पलंगाखाली, माळ्यावर जाऊन बसणारं मांजर दिवाणखान्यात किंचाळणाऱ्या भाटीपेक्षा जास्त काळजीचं. आणि विचित्र हालचाल दिसली की आधी मोबाइलवर चित्रण करून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेलं मांजर नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं करून दाखवतं.

डुलणारं पिल्लू

शेवटी एक असा प्रकार, ज्यात दिसणारं विचित्रपण कायमचं असतं आणि तरी घाबरायचं कारण नसतं. रस्त्यावरून उचलून आणलेलं महिन्याभराचं पिल्लू चालताना डुलतं, पाय फेंगडे टाकतं. दूध-भाताच्या बशीकडं तोंड नेतं तशी मान थरथरू लागते. बशी जितकी जवळ, तितकी थरथर जास्त. झोपलं की मात्र एकदम शांत. लोक म्हणतात, याला लकवा झाला, टाकून द्या.

बहुधा गोष्ट जन्माआधीच घडलेली असते. आई गाभण असताना तिला मांजरांच्या पार्व्होचा, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाचा संसर्ग झालेला असतो. हा विषाणू भराभर विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. मोठ्या मांजरात अशा पेशी आतड्यात आणि अस्थिमज्जेत असतात, म्हणून त्याला हगवण लागते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. जन्माच्या आगंमागं असलेल्या पिल्लात भराभर विभागत असतो तो मेंदूच्या मागचा छोटा भाग, लहान मेंदू. हात किती पुढं न्यायचा आणि नेमका कुठं थांबवायचा, हा हिशेब तो करतो. तो नीट वाढला नाही, तर पंजा उचलता येतो, पण थांबायची जागा साधत नाही. म्हणून थरथर हालचालीच्या वेळीच होते आणि झोपेत नाहीशी होते.

विषाणू केव्हाच गेलेला असतो, त्यामुळं हे वाढत जात नाही. वेदना नसते, आणि असं पिल्लू दुसऱ्याला काही देत नाही. पिल्लं शिकतात: पाय जास्त फाकवून चालणं, भिंतीला टेकून खाणं, उडी मारण्याऐवजी नखांनी चढणं. अशी मांजरं पूर्ण आयुष्य जगतात. धडधाकट मोठं मांजर एकाएकी डुलू लागलं तर ती वेगळी गोष्ट. तिथं कान, मेंदू किंवा विषबाधा बघावी लागते. जन्मापासून डुलणाऱ्याला लागते ती कमी उंचीच्या काठाची मातीची पेटी, गॅलरीला जाळी, जड तळाची बशी, आणि गुळगुळीत फरशीवर चालायच्या वाटेनं टाकलेली एखादी जुनी सतरंजी. भाटी असेल तर सहाव्या महिन्याच्या सुमारास तीही लोळायला लागेल, जरा तिरकी लोळेल एवढंच. तिचं ऑपरेशन करताना भूल कुठली द्यायची हे डॉक्टरांनी ठरवावं, म्हणून डुलण्याची गोष्ट त्यांना आधी सांगून ठेवायची.